कोसा न उकळण्याचे दिवस

हमीदभाऊ, तुम्ही अहवालात खोटं लिहिलं होतं, हे मी आजही म्हणतो. आधी तेच सांगून टाकतो, कारण परवापासून आपल्या मूल गावात जो तो तुमच्याविषयी गोड बोलतो आहे आणि तुम्हाला गोड बोलणाऱ्यांचा कंटाळा होता. महामंडळाचे जे साहेब तुमची फाइल हातात धरायला तयार नव्हते, तेही जनाज्याला आले होते. डोक्याला रुमाल बांधून पहिल्या रांगेत उभे होते. मी मागे, कब्रस्तानच्या भिंतीशी. माती द्यायला पुढे आलो तेव्हा तुमच्या धाकट्या भावानं माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून जागा दिली. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

तुमचा जन्म, तुमची नोकरी, न मिळालेल्या बढत्या, यांतलं काही इथे लिहीत नाही. ते तुमच्या सेवापुस्तकात आहे आणि सेवापुस्तकात काय काय मावत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच. जंगलातल्या दोन जिल्ह्यांचा अनुशेष भरून काढायला म्हणून जे विकास महामंडळ उघडलं होतं, त्याचे तुम्ही क्षेत्र पर्यवेक्षक. म्हणजे सर्वांत खालचा अधिकारी. साहेब लोक नागपुरात आराखडे करायचे आणि तुम्ही ते राजदूत मोटारसायकलवर घालून गावात न्यायचात. आराखडा गावात बसला नाही की थोडा आराखडा वाकवायचात, थोडं गावाला समजवायचात. आराखडाच जास्त वाकायचा.

आपली घरं एकाच गल्लीत. तुमच्याकडे बांगड्यांचं दुकान, आमच्याकडे खिळे जुळवून छापायचं यंत्र. बाबांच्या छापखान्यात जी पत्रकं छापली जायची, त्यांवरून मी अक्षरं शिकलो. बिडी कामगारांची पत्रकं, धानाच्या भावाची, अंगात येण्याविरुद्धची. त्या पत्रकांत जग दोन बाजूंचं होतं. एका बाजूला लोक, दुसऱ्या बाजूला कचेरी. तुम्ही कचेरीत होतात आणि आईच्या हातात बांगड्या तुमच्या दुकानातल्या होत्या. ही अडचण पत्रकात कुठे सोडवलेली नव्हती.

आता त्या दिवसाकडे येतो. नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी बाविशीचा. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता, सगळीकडे बांध्यांतून पाणी. आमच्या युवक मंचाचा एक मित्र आणि मी सिंदेवाहीला बसमधून उतरलो आणि भाड्याच्या सायकलींनी त्या गावाला गेलो. ढिवरांचं गाव, जंगलाच्या अगदी कडेला. नाव लिहीत नाही. त्या गावाचं नाव मी एकदा छापलं, तेवढं पुरे.

शाळेच्या बाजूला तुमच्या महामंडळाचं केंद्र होतं. टिनाची शेड, आत कोशाचं सूत काढायची बारा यंत्रं. कोसा म्हणजे जंगलातलं रेशीम, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं, बाहेरच्यांसाठी सांगतो. ढिवर लोक त्याचे किडे येनाच्या झाडांवर सोडतात, पाखरांपासून नि मुंग्यांपासून राखतात, कोष झाले की उतरवतात. ते कोष सोड्याच्या पाण्यात उकळले की धागा सुटतो. पूर्वी बाया तो धागा उघड्या मांडीवर घासून वळायच्या. दिवसभर, महिनोन्महिने. मांडीची कातडी सोलून जायची, मग घट्टे पडायचे. तुमच्या यंत्रांनी मांडीचं ते काम चाकाला दिलं होतं.

पण त्या दिवशी शेडला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर यंत्रांवर पोती टाकलेली. गावात पुरुष दिसत नव्हते, बाया रोवण्याला गेलेल्या. गावात कोणी सापडलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तिथून आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. ओळखीच्या कारकुनानं रोजच्या अहवालांची फाइल समोर टाकली. पानापानावर तुमची वळणदार सही आणि प्रत्येक दिवसापुढे एकच शब्द: चालू.

हमीदभाऊ, पत्रक लिहिणाऱ्याला याहून जास्त काय लागतं? मी परतीच्या बसमध्येच लिहायला घेतलं. 'कुलुपातला विकास' असं नाव दिलं. गावाचं नाव, केंद्राचं नाव, तुमचं नाव. अधिकाऱ्याला आधी विचारायचं नाही, विचारलं की तो सावध होतो, हे मी कुठल्याशा पत्रकातूनच शिकलो होतो. तुमचं घर आमच्यापासून सहा दारं दूर होतं. त्या सहा दारांवरून मी रोज दोन वेळा गेलो आणि विचारलं नाही.

मूलच्या बाजारात ते पत्रक हातोहात गेलं. चौथ्या दिवशी तुम्ही छापखान्यात आलात. बाबा उठून उभे राहिले. तुम्ही त्यांना हाताला धरून बसवलं, माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि खिशातून पत्रक काढलं.

"तीन घेतले बाजारातून," तुम्ही म्हणालात. "एक साहेबाले द्याले, एक मले. तिसरं तुयी भाभी मांगत होती. म्हनते, नाव छापून आलं, आता पेढे आना."

तुम्ही ते पत्रक माझ्यापुढे धरलंत.

"चांगलं लिवलं लेका," तुम्ही म्हणालात. "कुलूप होतं, बरोबर. अहवाल खोटा, बरोबर. पन कुलूप काऊन होतं, हे कुठी आहे यात?"

"तुम्ही सांगा," मी म्हणालो.

"आता सांगू? छापल्यावर?"

पण सांगितलंत. पहिल्या वर्षी केंद्राचं उद्घाटन असंच पावसाळ्यात झालं होतं, कारण साहेबांना तेव्हाच सवड होती. साहेबांपुढे दाखवायला तुम्ही मोठ्या गंजात कोष उकळायला लावले. वास गावभर गेला. गावातले पुरुष तेव्हा जंगलात होते. किडे झाडावर असले की ढिवर माणूस झाडांजवळ खोपडी करून राहतो. दाढी करत नाही, एक वेळ स्वतःच्या हातानं रांधून खातो, हळद-तेलाला शिवत नाही. आणि तेवढे दिवस त्या गावात कोणाच्याही घरी कोसा उकळत नाहीत. त्या वर्षी किडे झाडांवरून टपाटप गळले. गावानं तुम्हाला एक शब्द विचारला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून केंद्रात एकही बाई आली नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली, शेडमध्ये बारा यंत्रं आणि एकटे तुम्ही.

"मंग मी गेलो सुलोचनाबाईकडे," तुम्ही सांगत होतात. सुलोचनाबाई म्हणजे त्या गावात सूत काढणाऱ्या बायांची म्होरकी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "म्हनलं, बाई, काऊन येत नाई तुमी? तर मलेच विचारते, 'भाऊ, झाडावर लेकरं आहेत अन् घरी त्याइच्या भावाले उकळाचं? तुमी करान का असं?' आता याच्यावर मी काय बोलू, सांग."

"ही अंधश्रद्धा आहे," मी म्हणालो. "किडे रोगानं मेले असतील."

"असंन. कायनं मेले मले काय माहीत? बाया आल्या नाईत, तेवढं माहीत आहे."

मग तुम्ही गावाशी ठरवलं. किडे झाडावर चढले की केंद्राला कुलूप. किल्ली सुलोचनाबाईकडे. शेवटचा कोष उतरला की तिनंच कुलूप काढायचं. हे ठरलं आणि बाया आल्या. उरलेल्या महिन्यांत जागेसाठी भांडणं व्हायची, इतकी यंत्रं चालायची.

"मग अहवालात हेच लिहायचं होतं," मी म्हणालो.

"नमुना पाह्यला का तू? दोन रकाने आहेत. चालू, नाई त बंद. बंद लिवलं का कारण द्या. वीज नाई, माल नाई, मजूर नाई. अन् महिनाभर बंद असलं त यंत्रं उचलून दुसऱ्या केंद्रात. मी कायले बंद लिवू?"

"तर मग लिहायचं होतं की नमुन्यात रकानाच नाही."

"कोन्या रकान्यात लिवू?"

बाबा तेवढे हसले. मला त्यांचा राग आला, तुमचा आला, स्टुलाचाही आला.

तुम्ही मात्र गंभीर झालात. "पुढच्या पत्रकात एवढं टाक. मायासाठी नाई. चौकशीले साहेब येऊन राह्यले, ते तुयं पत्रक वाचून येऊन राह्यले. माया टिपणाले कोनी पाहत नाई. तू लिवलं त यंत्रं राहतीन."

आणि मी काय म्हणालो ते बाबांना अजून पाठ आहे. मी म्हणालो, खोटा अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं म्हणणं माझ्या पत्रकात छापलं जाणार नाही.

तुम्ही उठलात. स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलंत. बाबांना सलाम केलात आणि गेलात.

साहेब आले, कुलूप पाहिलं, फाइल पाहिली, माझं पत्रक फाइलला जोडलं. पंधरा दिवसांत बारा यंत्रं ट्रकवर चढली. तो ट्रक मूलमधूनच गेला. ताडपत्री बांधलेली होती, एका कोपऱ्यातून एक चाक बाहेर दिसत होतं. आम्ही मंचाची पोरं चहाच्या टपरीवर होतो. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. एका पत्रकानं कचेरी हलते, हे आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. यंत्रं कुठून निघाली आणि कोणाच्या हाताखालून, हा विचार त्या टपरीवर कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही, असं लिहिणार होतो. आला होता, पण टाळीच्या आवाजात मी तो टिकू दिला नाही.

तुमची बदली गडचांदूरला झाली. सिमेंटच्या गावात महामंडळाचं एक छोटं कार्यालय होतं, खाणींत जमिनी गेलेल्या घरांतल्या तरुणांना कर्जाचे अर्ज भरून द्यायचं. आठवड्याला तुम्ही मूलला घरी यायचात आणि छापखान्यावरून जाताना दारातून म्हणायचात, "काय रे, नमुन्यात रकाना आला का नवा?" मी म्हणायचो, "खोटं ते खोटंच, हमीदभाऊ." तुम्ही म्हणायचात, "मी कुठी नाई म्हनलं?" सात वर्षं हाच वाद. मी तुम्हाला तत्त्व सांगायचो. तुम्ही मला गाव सांगायचात. ते गाव माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून नदीला बांध घातल्यासारखा मी मध्ये उभा.

एक गोष्ट मात्र कोणाला माहीत नाही आणि ती मी सांगणार आहे. त्यानंतरचं माझं प्रत्येक पत्रक तुम्ही वाचलंत. बाजारातून विकत घ्यायचात आणि पेन्सिलनं खुणा करून भाभींच्या हाती आमच्या घरी पाठवायचात. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'हे कोन म्हनलं? नाव?' 'इथं बाईले विचारलं का?' 'बरोबर आहे पण अर्धं आहे.' धान गिरण्यांवरच्या पत्रकात मी हमालांचे तास चुकीचे दिले होते. त्यावर तुम्ही फक्त एवढंच लिहिलंत, 'गिरणीत जाऊन एक पोतं उचल, मंग लिव.' मी गेलो. उचललं. पत्रक पुन्हा लिहिलं आणि त्या पत्रकामुळे काही हमालांना जेवणाची सुट्टी मिळाली. लोक मला म्हणतात की आता तुझं लेखन जबाबदार झालं आहे. ज्या माणसाला मी बुडवलं, तोच समासात पेन्सिल घेऊन बसला होता, हे त्यांना कोण सांगणार?

मी एकदा गडचांदूरला आलो होतो, आठवतं? तुम्हाला वाटलं, खाणींवर लिहायला आलो. नव्हतो. तुम्हाला एक सांगायला आलो होतो. तुमच्या कार्यालयाबाहेरच्या कडुलिंबाची पानं करडी होती, टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. तुम्ही एका पोराचा अर्ज भरत होतात. तो शेळ्या मागत होता आणि अर्जात शेळीला कोड नव्हता, म्हशीला होता.

"म्हैस लिवू का?" तुम्ही त्याला विचारलंत.

"लिवा न भाऊ, काही बी लिवा."

"नाई लिवत," तुम्ही म्हणालात आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलंत. "इथी सारे कागद खरे असतात आता. याच्यावर कागदवाल्याची नजर आहे." पोराला काही कळलं नाही. तुम्ही मोठ्यानं हसलात आणि मग खरोखरच शेळीसाठी वेगळं पत्र लिहून नागपूरला पाठवायला ठेवलंत. त्या पत्राचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मला भीती होती की उत्तर माझ्या बाजूचं नसेल.

मग चहा आला. सांगायची वेळ झाली होती. आणि मी विकासाच्या धोरणावर बोलायला लागलो. अनुशेष हा शब्दच कसा फसवा आहे, माणसांचं मागासपण आकड्यांत कसं मोजतात, वगैरे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणालात, "सिंदेवाहीकडं गेलता का कधी मंग?"

"नाही."

"जा एकदा. सुलोचनाबाईले भेट. तू चांगला आहे, जाऊन ये."

मी मान हलवली. गेलो नाही. त्यानंतरची दोन वर्षंही तो रस्ता मी टाळला, ब्रह्मपुरीला जायचं असलं तरी दुसऱ्या बसनं जायचो.

परवा तुमच्या घरी, मातीनंतर, सुलोचनाबाईच मला भेटल्या. अंगणात बायांमध्ये बसल्या होत्या. पहाटेच्या बसनं आल्या होत्या, गावातून एकट्या. भाभींनी विचारलं, आणखी कोणी नाही आलं का? तर त्या म्हणाल्या, "कसे येतीन? किडे झाडावर आहेत. मातीले गेलेला मानूस झाडाखाली जाऊ शकत नाई. माया घरचा कोनी जंगलात नाई आता, म्हून मले धाडलं साऱ्या गावानं." भाभींनी मान डोलावली, जशी काही ही गोष्ट त्यांच्या घरातलीच आहे.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू त तो कागदवाला न?"

"हो, बाई."

"भरला अंगानं. तेव्हा निरा काडी होता म्हनत."

मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी मला पाहिलं नव्हतं तरी ओळखलं. माझं वर्णन गावात कोणीतरी करून ठेवलं होतं.

"तुयावर गाव लय चिडलं होतं," त्या सांगायला लागल्या, रागानं नाही, बाजारभाव सांगावा तशा. "पोट्टे म्हनत, मूलच्या बाजारात जाऊन झोडपू त्याले. मंग हमीदभाऊ आले. बदली झालती त्याइची, सामान बांधाचं सोडून आले. साऱ्याइले शाळेपाशी बसवलं. म्हने, त्या पोराले कोनी सांगतलंच नाई. माहीत नवतं म्हून लिवलं. मी ओळखतो त्याले, मायाच गल्लीतला आहे. माहीत असतं त त्यानं लिवलं नसतं. म्हून तू वाचला, बापा."

"तुमची यंत्रं गेली," मी म्हणालो.

"यंत्रं गेली त गेली. हे आहे न," म्हणत त्यांनी लुगड्यावरून मांडीवर हात आपटला. शेजारची एक बाई हसली. सुलोचनाबाई हसल्या नाहीत. "पोरीइनं सोडलं हे काम. म्हनतात, मांडी उघडी टाकून कोन बसते? सूत काढनाऱ्या आमी चार म्हाताऱ्या उरलो. आमच्यामागं कोसा विकतीन, सूत नाई निघनार."

भाभी चहा घेऊन आल्या. मी घेतला नाही. रोजा आहे का, असं कोणीतरी गमतीनं विचारलं. मी उठून निघून आलो.

आता ऐका, हमीदभाऊ. गडचांदूरला जे सांगायला आलो होतो ते.

त्या दिवशी गावात कोणी सापडलं नाही, हे खोटं होतं. शेडच्या समोरच्या ओट्यावर एक म्हातारी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मी तिला विचारलं, केंद्र बंद का? तिनं सूप खाली ठेवलं. नीट, दोनदा सांगितलं. "किडे झाडावर आहेत न, बापू. आता कोन उकळते कोसा? कोसे उतरले का उघडते, सुलोचनापाशी किल्ली आहे." मी ते वहीत लिहून घेतलं. नंतर ती हे गावात कोणाला बोलली की नाही, मला माहीत नाही. माझी वही मी जपून ठेवली आहे. वाक्य तिथे आहे, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारलेलं.

बसमध्ये मित्रानं विचारलं होतं, "हे टाकायचं ना?" मी म्हणालो, नको. त्याला कारणं दिली. अंधश्रद्धेला पत्रकात जागा द्यायची नाही. गावावर लोक हसतील, आपण गाव वाचवतो आहोत. ही दोन्ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःलाही देत आलो. तिसरं कारण मात्र कोणाला दिलं नाही. ते वाक्य टाकलं असतं तर पत्रक ढासळलं असतं. कुलूप, पोती टाकलेली यंत्रं, चालू-चालू लिहिलेली फाइल, या सगळ्याचा जोर एका म्हातारीच्या बोलण्यानं गेला असता. पत्रकाचं नाव मी आधीच ठरवलं होतं. मला त्या नावाची भुरळ पडली होती.

म्हणून तुम्ही छापखान्यात येऊन स्टुलावर बसलात आणि विचारलंत, कुलूप का होतं हे कुठे आहे, तेव्हा मी 'तुम्ही सांगा' म्हणालो. नवीन ऐकतो आहे असा चेहरा केला. अंधश्रद्धा म्हणून तुमच्याशी भांडलो. तुम्ही मला गावाची रीत समजावून सांगत होतात आणि ती मला तुमच्या आधीच समजलेली होती. आणि यंत्रं वाचवायला तुम्ही फक्त एवढंच मागितलंत की जे मला ठाऊक आहे ते मी लिहावं.

तुम्ही चालू लिहिलंत ते खोटं होतं. त्या खोट्यामुळे बारा यंत्रं त्या गावात काही वर्षं राहिली. मी जे छापलं त्यातलं एकेक वाक्य खरं होतं. तरी मी तुमच्याशी सात वर्षं खऱ्या-खोट्यावर वाद घातला आणि दर वेळी मीच जिंकलो असं मला वाटायचं. पत्रकांत वाढलेल्या माणसाला खोटं ओळखता येतं. गाळलेलं ओळखायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि जेव्हा तुम्ही समासात 'अर्धं आहे' लिहून शिकवायला लागलात, तेव्हा पहिल्याच पत्रकावर ती खूण का नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तुम्ही त्या पत्रकावर पेन्सिल लावली नाहीत, कारण तुमच्या मते ते अज्ञानातून आलं होतं. अज्ञानाला तुम्ही माफ करायचात.

का सांगितलं नाही, याचं उत्तर मी तुमच्या मातीपासून शोधतो आहे. तुम्ही रागावला असतात म्हणून नाही. तुम्ही रागावला नसतात. तुम्ही मोटारसायकलची किल्ली शोधली असती आणि म्हणाला असतात, चल, सोबत जाऊ गावाले. तुमचं माफ करणं पटकन व्हायचं, हे मला माहीत होतं, आणि ते झालं असतं तर माझ्याजवळ तत्त्व म्हणून मिरवायला काही उरलं नसतं. म्हणून मी वाद चालू ठेवला. तुम्हाला वाटत राहिलं की पोरगं हट्टी आहे. मला हट्टी म्हणवून घेणं परवडत होतं.

हा लेख पत्रक म्हणूनच छापतो आहे. बाबा खिळे जुळवत आहेत, काल अर्ध्यावर थांबले होते, आज पुन्हा बसले. वरती माझं नाव आहे. महामंडळालाही एक प्रत धाडणार. यंत्रं परत येणार नाहीत, ती कुठे गेली हेही आता कोणी सांगत नाही. पण ज्या फाइलला माझं पत्रक जोडलेलं आहे, तिला हेही जोडावं अशी मागणी केली आहे. त्यांच्या नमुन्यात त्याला जागा नसली तर टाचणी लावून जोडावं.

सुलोचनाबाईंना वाचता येत नाही. उद्या सकाळच्या बसनं सिंदेवाहीला उतरून मी त्यांच्या अंगणात जाणार आहे आणि हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे, म्हातारीच्या वाक्यासकट. तुम्ही गावाला माझ्याविषयी जे सांगितलं होतं ते खरं नव्हतं, हे त्यांना माझ्या तोंडून कळेल. हमीदभाऊ, तुमचा शब्द मी असा खोटा पाडतो आहे, त्याचं मला वाईट वाटतं. पण त्या शब्दाच्या आड मी सात वर्षं सुखात राहिलो. त्या बाईंच्या मांडीवर घट्टे आहेत आणि त्यांना तुमच्यासारखं पटकन माफ करता येणार नाही. त्या जे म्हणतील ते ऐकून घेईन.